प्रत कुठून आणली ते वेष्टनावर छापा : मराठी चित्रपटांच्या हक्कधारकांना खुले पत्र

प्रति,
मराठी चित्रपटांचे निर्माते व हक्कधारक, तसेच त्यांच्या डीव्हीडी, ब्लू-रे आणि डिजिटल आवृत्त्या काढणाऱ्या कंपन्या यांस

स. न. वि. वि.

आपण एखादा मराठी चित्रपट घरी पाहण्यासाठी विकता, तेव्हा त्याच्या वेष्टनावर नटनट्यांची छायाचित्रे असतात, कथेचा चार ओळींचा गोषवारा असतो आणि मिळालेल्या पुरस्कारांची मांदियाळी असते. ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाची माहिती मात्र नसते : ही आवृत्ती कोणत्या प्रतीवरून केली? मूळ निगेटिव्हवरून, गावोगावच्या थिएटरांत फिरून आलेल्या प्रिंटवरून, की दूरचित्रवाणीसाठी कधीकाळी काढलेल्या टेपवरून? आपल्याला हे ठाऊक असतेच, कारण कोणीतरी ती प्रत गोदामातून काढून यंत्रावर चढवलेली असते. ती माहिती छापावी, आणि आवृत्तीसोबत ‘स्पेशल फीचर्स’ म्हणून जे दिले जाते ते त्या नावाला साजेसे असावे, या दोन मागण्यांसाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे.

सोलापूरच्या प्रेक्षकाने ही चौकशी का करावी, असा प्रश्न आपल्याला पडू शकेल. पुण्या-मुंबईत जुन्या चित्रपटांचे खेळ अधूनमधून होतात, महोत्सव भरतात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तर पुण्यातच आहे. आमच्याकडे साठ वर्षांपूर्वीचा मराठी चित्रपट पुन्हा पडद्यावर लागण्याची शक्यता जवळजवळ नाही. भागवत थिएटरच्या आवारात ज्यांनी तो पहिल्यांदा पाहिला त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांच्यासाठीही, आपण विकलेली आवृत्ती हाच आता तो चित्रपट आहे. ती धुरकट निघाली, तर पुढच्या पिढीला छायालेखकाचे कामच धुरकट होते असे वाटते, आणि त्याची बाजू मांडायला तो छायालेखक बहुधा हयात नसतो.

स्वस्त डिस्कला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा पदपथावरची चोरटी डिस्क घेणाऱ्या माणसालाही अधिकृत डिस्क परवडू लागली. ते चांगलेच झाले. परंतु किंमत कमी म्हणून माहितीही कमी, हा न्याय मला पटत नाही. पन्नास रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापणे बंधनकारक असते आणि तिथे कोणी किमतीची सबब सांगत नाही.

आता गुणवत्ता कशी तपासावी, याविषयी. पहिली कसोटी लांबीची, आणि तिला घड्याळापलीकडे कोणतेही यंत्र लागत नाही. चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते. त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमधील लांबी नोंदलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते. म्हणजे प्रमाणपत्रावर ४,००० मीटर असतील, तर चित्रपट सुमारे १४६ मिनिटांचा असायला हवा. पाल या आपल्याकडच्या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ चौकटी चालवल्या, तर तोच चित्रपट १४० मिनिटांत संपतो आणि त्या सहा मिनिटांत कोणी काही कापलेले नसते. पण तीच डिस्क १२८ मिनिटांत संपत असेल, तर उरलेली बारा मिनिटे कुठे गेली हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कधी निर्मात्यानेच प्रमाणपत्र मिळाल्यावर काटछाट केलेली असते. तसे असेल तर तसे छापावे. एरवी, माझ्या पाहण्यात आलेल्या तमाशापटांच्या डिस्कमध्ये हरवलेली मिनिटे बहुतेक वेळा रिळांच्या टोकांना सापडतात. प्रिंटची टोके तुटतात, ऑपरेटर ती जोडतो, प्रत्येक जोडणीत काही चौकटी जातात, आणि अखेरीस पाटलाचे वाक्य अर्ध्यावर सोडून एकदम बैलगाडी दिसू लागते. रीळ संपण्याआधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर चमकणारा ठिपका हीसुद्धा अशीच एक खूण आहे. तो ऑपरेटरला दुसरा प्रोजेक्टर सुरू करण्याची सूचना देण्यासाठी असे. घरच्या पडद्यावर तो दिसला, की आवृत्ती थिएटरच्या प्रिंटवरून घेतली असल्याची दाट शक्यता असते. त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. अनेक चित्रपटांचे निगेटिव्ह उरलेलेच नाही आणि प्रिंट हाच शेवटचा पुरावा आहे, हे वाचणाऱ्याला समजते.

दुसरी कसोटी चौकटीच्या आकाराची, आणि इथे आपल्याकडून सर्वांत मोठा अन्याय होतो. जुने मराठी चित्रपट १.३७ : १ या चौरसाकडे झुकणाऱ्या प्रमाणात चित्रित झाले आहेत. घरोघरी १६ : ९ आकाराचे टीव्ही आल्यावर ‘पडदा पूर्ण भरावा’ या हट्टापायी त्या चौकटीचे दोनपैकी एक काहीतरी केले जाते. चित्र आडवे ताणले, तर सगळे चेहरे सुमारे ३० टक्के रुंद होऊन थापलेल्या भाकरीसारखे पसरतात. वरून-खालून कापले, तर उंचीचा सुमारे २३ टक्के भाग जातो. लावणीच्या चित्रपटात याचा अर्थ असा, की नर्तकीच्या पायातले चाळ ऐकू येतात पण पाय दिसत नाहीत. नृत्यदिग्दर्शकाने पदन्यासासाठी घेतलेली मेहनत, कॅमेऱ्याने मुद्दाम राखलेले अंतर, सगळे एका बटणाने पुसले जाते. सिनेमास्कोप चित्रपटांचे हाल वेगळे आहेत. २.३५ : १ प्रमाणाचे चित्र जुन्या ४ : ३ चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून बसवले, तर पाल डीव्हीडीच्या ५७६ ओळींपैकी सुमारे ३२७ ओळीच चित्राच्या वाट्याला येतात; तेच १६ : ९ साठी योग्य तऱ्हेने बनवले तर ४३६ येतात. रुंद टीव्हीवर पहिल्या प्रकारची डिस्क लावली, की चित्र चारही बाजूंनी आक्रसून मध्यभागी तरंगते. काळ्या पट्ट्या दिसल्या की ग्राहक तक्रार करतात, हे आपले म्हणणे मी ऐकले आहे, आणि ते खोटे नाही. त्यावर उपाय चित्र कापणे हा नसून वेष्टनावर एक ओळ लिहिणे हा आहे : ‘चित्र मूळ चौकटीत दिले आहे, कडेच्या काळ्या पट्ट्या हा दोष नाही.’

चित्राच्या कोपऱ्यात अडीच तास झळकणाऱ्या कंपनीच्या बोधचिन्हाविषयी एवढेच म्हणतो, की विकत घेतलेल्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर प्रकाशकाने शिक्का मारलेला कोणी खपवून घेणार नाही.

तिसरी कसोटी आहे दाबून भरण्याची. एका दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मजकूर मावतो. अडीच तासांचा एकच चित्रपट तीत ठेवला, तर चित्राच्या दर सेकंदाला साधारण साडेसात मेगाबिट माहिती वाट्याला येते. ‘एका डिस्कमध्ये तीन चित्रपट’ या योजनेत तेच प्रमाण अडीच मेगाबिटांवर येते, आणि आवाजही त्यातच बसवायचा असतो. संथ संवादाच्या प्रसंगात हे लक्षात येत नाही. वारीच्या प्रसंगात येते. आमच्या जिल्ह्यातील पंढरपूरची वाट, हलणाऱ्या पताका, उडणारा बुक्का, धूळ आणि हजारो पावले, हे सारे एकाच वेळी बदलत असल्याने दाबलेल्या चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि वारकऱ्यांच्या जागी ठोकळे चालू लागतात. गुलालाचा प्रसंगही असाच परीक्षा पाहणारा. डीव्हीडीत रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे गडद लाल रंग वस्तूच्या कडेबाहेर ओघळतो. त्यात मूळ स्रोत जुनी टेप असेल, तर निवडणुकीच्या मिरवणुकीत कोणाच्या कपाळाला किती गुलाल लागला हे ठरवणे अशक्य होते. याच्या उलट टोकाचा दोष हल्लीच्या ‘रिस्टोअर्ड’ म्हणवणाऱ्या आवृत्त्यांत दिसतो. फिल्मचे दाणे हा कचरा समजून संगणकाने ते इतके पुसले जातात, की त्याबरोबर कातडीच्या सुरकुत्या, घोंगडीची वीण आणि इरकलीचा पोतही पुसला जातो. ते चित्र स्वच्छ असते खरे. मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालयही स्वच्छच असते.

आवाजाच्या बाबतीत मागणी लहान आहे. मूळ चित्रपट एकमार्गी (मोनो) ध्वनीचा असेल, तर तो ध्वनी तसाच द्यावा. ढोलकी मागच्या स्पीकरमधून आणि तुणतुणे पुढच्या स्पीकरमधून ऐकवणारे कृत्रिम ‘५.१’ हवे असेल तर ते जोडीला द्यावे, त्याच्या जागी देऊ नये. सेकंदाला २५ चौकटींच्या गतीमुळे आवाजाची पट्टी चढते, हेही संगीतप्रेमींच्या लक्षात येते. ती चढ पेटीच्या शेजारच्या दोन स्वरांमधील अंतराच्या सुमारे सत्तर टक्के असते, त्यामुळे डिस्कवरच्या गाण्याला पेटीवर साथ करू पाहणाऱ्याचा सूर कुठेच बसत नाही. ही चढ तांत्रिक पद्धतीने उतरवता येते. मात्र त्यासाठी आवृत्ती करणाऱ्याच्या कानाला ती खटकावी लागते.

उपशीर्षकांविषयी सोलापूरकराला थोडे अधिक बोलू द्यावे. आमच्या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या भाषा एकाच गल्लीत नांदतात. पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. ही मंडळी मराठी समजतात, पण मावळातील किंवा कोकणातील बोली, जुन्या नाटकी वळणाचे संवाद, झटपट उडणारी कोटी त्यांच्या हातून निसटते. त्यांच्याकडे पाहुणे आलेले नातेवाईक तर पूर्णच वंचित राहतात. डीव्हीडीच्या रचनेत ८ ध्वनिमार्ग आणि ३२ उपशीर्षकमार्गांची सोय असते. मराठी डिस्कवर त्यातला एक ध्वनिमार्ग आणि फार तर इंग्रजी उपशीर्षकांचा एक मार्ग वापरलेला दिसतो. तीही उपशीर्षके गाणे सुरू झाले की गप्प होतात, जणू गाण्यात कथा नसते. वास्तविक सवाल-जबाबाच्या प्रसंगात सगळा अर्थ गाण्यातच असतो. आणि मराठी चित्रपटाला मराठी उपशीर्षके का नसावीत? कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांची संख्या प्रत्येक घरात वाढते आहे. श्रवण व दृष्टी यांची अडचण असलेल्या प्रेक्षकांसाठी थिएटरांत कोणत्या सोयी असाव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली आहेत. त्यांनुसार थिएटरसाठी संवाद व आवाज लिहून दाखवणाऱ्या ओळी (कॅप्शन) आणि न दिसणाऱ्यांसाठी दृश्यांच्या वर्णनाचा ध्वनिमार्ग तयार झालाच, तर ते घरच्या आवृत्तीत न देण्यासाठी कारण शोधावे लागेल.

आता ‘स्पेशल फीचर्स’. सध्या या नावाखाली गाण्यांची थेट निवड, त्याच कंपनीच्या इतर चित्रपटांच्या जाहिराती आणि मुहूर्ताच्या सोहळ्याची एक चित्रफीत मिळते, जिच्यात प्रत्येक जण ‘दिग्दर्शकासोबत काम करणे हा खूप वेगळा अनुभव होता’ असे सांगतो आणि तो वेगळा कसा होता हे कोणीच सांगत नाही. मी पुरवणी साहित्य एकाच प्रश्नाने जोखतो : ते पाहून झाल्यावर चित्रपट पुन्हा लावला, तर आधी न दिसलेले काही दिसते का? जाहिराती आणि सोहळे या प्रश्नापुढे टिकत नाहीत. हटवलेले प्रसंगही पुष्कळदा टिकत नाहीत, जर ते का हटवले हे संकलकाने सांगितले नसेल.

टिकते ती चांगली कॉमेंटरी, म्हणजे चित्रपट चालू असताना त्याच्याविषयी बोलणारा वेगळा ध्वनिमार्ग. १९८४ साली क्रायटेरियन कंपनीने ‘किंग काँग’ या १९३३ सालच्या चित्रपटाच्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) मोकळ्या असलेल्या ध्वनिमार्गाचा उपयोग करून रोनाल्ड हेवर या अभ्यासकाचे निवेदन ध्वनिमुद्रित केले, आणि तिथून ही प्रथा सुरू झाली. तो चित्रपटाशी संबंधित कलावंत नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे कॉमेंटरी म्हणजे दिग्दर्शक आणि नायक यांनी एकत्र बसून हसणे, अशी समजूत आहे. पडद्यावर जे दिसते आहे तेच पुन्हा सांगणे आणि मधे दहा-दहा मिनिटे शांत बसणे, हे त्याचे ठरलेले दोष. त्याऐवजी ध्वनिलेखकाला बोलवावे, ज्याने उघड्या माळावर वाऱ्याचा आवाज टाळून संवाद कसे घेतले हे तो सांगेल. ढोलकीवादकाला बोलवावे, वेशभूषा करणाऱ्या बाईंना बोलवावे, मोडी-बखरीचा अभ्यासक ऐतिहासिक चित्रपटात कुठे सूट घेतली हे सांगू शकेल. अशा माणसाचे दोन तासांचे ध्वनिमुद्रण करायला एक शांत खोली, एक बरा माइक आणि बोलणाऱ्याचे मानधन एवढाच खर्च येतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत कामाला लागलेले तंत्रज्ञ आज ऐंशीच्या घरात आहेत. नवी आवृत्ती काढायची की नाही हे ठरवायला आपण आणखी दहा वर्षे घेतली तरी चालेल, ध्वनिमुद्रण मात्र याच वर्षी करून ठेवावे.

मराठीकडे असे काही पुरवणी साहित्य आहे जे जगात फार थोड्या भाषांकडे असेल. प्रभात कंपनीने तीच कथा, तोच सेट, कधी तेच नट घेऊन मराठी आणि हिंदी असे दोन स्वतंत्र चित्रपट बनवले : १९३७ चे ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, १९३९ चे ‘माणूस’ आणि ‘आदमी’, १९४१ चे ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. शेवटच्या जोडीत म्हाताऱ्या हिंदू शेजाऱ्याची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी आणि हिंदीत मजहर खान यांनी केली, तर मुस्लिम शेजारी दोन्हीकडे गजानन जागीरदार आहेत. एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली, एकाच घराच्या ओसरीवर, दोन नट तोच प्रसंग कसा उभा करतात, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवणाऱ्या अर्ध्या तासाच्या चित्रफितीपेक्षा अभिनयाचा चांगला वर्ग मला सुचत नाही. दोन्ही चित्रपट एकाच संचात द्यावेत, जोडीला ही तुलना द्यावी. त्यासाठी ‘मेकिंग’ची जुनी फीत सापडण्याची गरजही नाही.

नव्या चित्रपटांचे साहित्य तर आपल्या हातातच असते. २०१६ चा ‘सैराट’ आमच्याच जिल्ह्यातील करमाळा परिसरात चित्रित झाला, त्याची नायिका अकलूजची, आणि त्यासाठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्ये जाऊन केले. अशा चित्रपटाच्या घरच्या आवृत्तीत मला फक्त वाद्यवृंद ऐकवणारा ध्वनिमार्ग हवा, नवख्या मुलांच्या निवडचाचण्या हव्यात, आणि करमाळ्याची बोली पुण्या-नागपूरच्या प्रेक्षकाला कळेल इतपत ठेवताना संवादांत काय बदलले, यावर लेखकाचे बोलणे हवे. नटांचे आभारप्रदर्शन नको.

डिस्कचा बाजार संपला, प्लेअर मिळत नाहीत, सगळे ओटीटीवर गेले, असे उत्तर आपल्याकडून येईल, याची मला कल्पना आहे. ते बाजाराबद्दल खरे आहे, गुणवत्तेबद्दल ते काहीच सांगत नाही. ओटीटीला दिलेली प्रतही कुठल्या तरी फिल्मवरून किंवा टेपवरूनच येते. यूट्यूबवर हक्कधारकांनी स्वतः टाकलेल्या जुन्या चित्रपटांतही ताणलेले चेहरे तसेच आहेत. कॉमेंटरी हा जास्तीचा ध्वनिमार्ग आहे, तो तिथेही देता येतो. शिवाय ओटीटीवरचा चित्रपट करार संपला की एका रात्रीत दिसेनासा होतो आणि प्रेक्षकाकडे काहीच उरत नाही. ज्यांनी राज्य शासनाचे दर्जानुसार मिळणारे अनुदान घेऊन चित्रपट बनवला, त्यांच्यावर तर एक टिकाऊ, विकत मिळणारी आवृत्ती ठेवण्याची जबाबदारी अधिक आहे, कारण त्या चित्रपटात आमच्याही करातला पैसा आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून जे मराठी चित्रपट दुरुस्त होतील, त्यांच्या हक्कधारकांनाही हेच लागू आहे.

प्रतीची खरी माहिती दिल्याने विक्री घटेल, ही भीती मला निराधार वाटते. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळल्या होत्या. इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यातला वाचला तेवढा भाग वापरून, उरलेला दुसऱ्या प्रतींवरून घेऊन, २०१५ साली नवी आवृत्ती तयार झाली. आगीची आणि दुय्यम प्रतींची हकिगत लपवण्याऐवजी तीच तिच्यासोबत सांगितली गेली, आणि लोकांनी ती आवृत्ती अधिकच आदराने पाहिली.

आमच्या बाजूने दोन गोष्टी देऊ करतो. तेलुगू आणि कन्नड उपशीर्षकांचे मसुदे वाचून दुरुस्त करू शकतील अशी दुभाषी माणसे सोलापुरात मुबलक आहेत, आणि एकपडदा थिएटरांत आयुष्य काढलेले ऑपरेटर अजून इथे राहतात, ज्यांना कोणत्या चित्रपटाची प्रिंट कुठे कापली जात असे हे तोंडपाठ आहे. त्यांच्याशी बोलायला कोणी आले, तर गाठ घालून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आणि वेष्टनावर काय छापावे, याचा नमुना सोबत देतो : ‘मूळ ३५ मि.मी. प्रिंटवरून, रीळ ४ व ९ टेपवरून घेतले आहेत. चौकट १.३७ : १. प्रमाणपत्रानुसार लांबी ४,००० मीटर, या आवृत्तीत १४० मिनिटे, गती सेकंदाला २५ चौकटी. मूळ एकमार्गी ध्वनी. उपशीर्षके मराठी, इंग्रजी, तेलुगू व कन्नड, गाण्यांसह. कॉमेंटरी : ध्वनिलेखक.’ एवढा मजकूर बारकोडच्या शेजारी सहज मावतो.

कळावे.

आपला,
एक मराठी प्रेक्षक
सोलापूर